सारा, सावकार आणि लाईट बिल : थकबाकीची एक पुणेरी गोष्ट

(आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमधलं बोलणं थोडं सरळ केलंय, चार-पाच "ॲक्च्युअली" काढलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातल्या एका डब्यापासून करतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात आई सगळी बिलं ठेवते. भरलेली खाली, न भरलेली वर. दोन वर्षांपूर्वी त्या डब्याचं झाकण लागेना.

झालं असं, की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर दीडच महिन्यात माझा प्रोजेक्ट बंद पडला. कंपनीने "बेंच"वर ठेवलं आणि मग नारळ दिला. पुढची नोकरी मिळायला चार महिने लागले. आयटीवाल्याकडे पैसे नसतात यावर कुणाचा विश्वास बसत नाही. नातेवाइकांचा नाहीच, आणि खरं सांगायचं तर माझासुद्धा बसत नव्हता.

नवीन नोकरीचा पहिला पगार झाला त्या रविवारी मी डबा उपडा केला आणि लॅपटॉपवर शीट उघडली. लाईट बिल ६,८४०. सोसायटीचा मेंटेनन्स, दोन तिमाही, १३,२००. पाईप गॅस १,९१०. महापालिकेचा मिळकतकर ९,४५०. कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी ४,३००. आणि क्रेडिट कार्ड ५८,३००. एकूण ९४,०००. रोजचा खर्च वजा जाता हातात होते जेमतेम अठ्ठावीस हजार.

प्रश्न साधा होता. आधी काय भरायचं?

मला उत्तर तयारच वाटत होतं. फोनवर एका ॲपचा मेसेज येऊन पडला होता. एक लाखाचं कर्ज, दहा मिनिटांत खात्यात, सगळी बिलं एका फटक्यात साफ, मग निवांत एकच ईएमआय. मी आईला म्हटलं, "अगं, सगळं मिटेल आज."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिटणार नाही रे. नुसता कागद बदलेल."

आईचं माहेर बारामती तालुक्यातलं, सुप्यापासून फार लांब नाही. हे वाक्य तिच्या आजीचं. मी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं, पण आठवडाभराने दुसऱ्याच एका भागाच्या तयारीसाठी दख्खनच्या दंग्यांबद्दल वाचत होतो आणि तिथे हेच वाक्य जवळजवळ कायद्याच्या भाषेत समोर आलं. तर आजची गोष्ट त्या कागदाची.

आधी थोडे शब्द

घरातल्या पैशांबद्दल आपण जे शब्द वापरतो त्यातले बरेच दरबारातून आणि बाजारातून आलेत. "बाकी" अरबीतून आला. "तगादा" हा मूळचा "तकाजा". "हप्ता" फारसी, त्याचा मूळ अर्थ आठवडा, सात दिवस. आठवड्याला द्यायची रक्कम म्हणून तो शब्द चिकटला आणि आता महिन्याच्या ईएमआयलाही आपण हप्ताच म्हणतो. आणि "थकबाकी" तर मला फारच आवडतो. बाकी थकते म्हणतात, पण घरात नक्की कोण थकतं ते आपल्याला माहीत आहे.

हे दुखणं फक्त गरिबाचंही नव्हतं. ज्याने शनिवारवाडा बांधला त्या पहिल्या बाजीरावाची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं कर्जाच्या चिंतेने भरलेली आहेत. उत्तरेत मोहिमा गाजवणारा माणूस घरी सावकारांच्या तगाद्याने टेकीला आलेला दिसतो. त्याचा नातू थोरला माधवराव १७७२ मध्ये थेऊरला अखेरच्या आजारात होता, तेव्हा त्याने मागे ठेवलेल्या इच्छांमध्येही कर्ज फेडायची गोष्ट होती.

पण पेशव्यांना कर्ज देणारे पुन्हा मिळत होते. आपल्याला बघायचाय तो पुणे जिल्ह्यातला शेतकरी, ज्याच्याकडे एक जमीन, दोन बैल आणि दोन देणेकरी होते.

दोन प्रकारचं देणं

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मराठ्यांच्या काळात शेतसाऱ्याची एक पद्धत होती, इस्तावा. दुष्काळाने किंवा लढाईने गाव ओस पडलं, जमीन पडीक राहिली, तर ती पुन्हा लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळायचा. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, असं करत काही वर्षांनी पूर्ण दर. यात दयेपेक्षा हिशोब जास्त होता. पहिल्याच वर्षी सगळं मागितलं तर माणूस पळून जाईल आणि काहीच मिळणार नाही. सगळीकडे आणि नेहमी असं व्हायचं असं नाही, उत्तर पेशवाईत मामले मक्त्याने दिले गेले तेव्हा रयतेची पिळवणूकही झाली. पण "हळूहळू वसूल करा" ही कल्पना राज्याच्या व्यवहारात होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. कंपनी सरकारने पुढे रयतवारी बसवली. प्रत्येक शेतकऱ्याचा सारा वेगळा ठरवायचा, तो रोख घ्यायचा आणि ठरल्या तारखांना घ्यायचा. १८३६ च्या सुमाराला इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली आणि तीस वर्षांसाठी दर ठरले. पाऊस पडो न पडो, आकडा तोच आणि तारीख तीच. नाही भरला तर जमीन जप्त.

म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर एक देणं होतं तारखेचं. ते थकलं तर तोडतात. आजच्या भाषेत, लाईट कापतात.

आता सारा भरायचा तर रोख पाहिजे, आणि पीक विकून हातात पैसे यायच्या आधीच तारीख येते. मग माणूस सावकाराकडे जातो. सावकार देतो. ते झालं दुसरं देणं, वाढणारं. ते थकलं तर लगेच कुणी दारात येत नाही. ते शांतपणे वाढत राहतं.

माझ्या लक्षात आलं की माझी शीट हीच होती. लाईट, गॅस ही तारखेची देणी. क्रेडिट कार्ड हे वाढणारं. आणि चार महिने मी काय करत होतो? लाईट बिल क्रेडिट कार्डावरून भरत होतो. मला वाटत होतं मी बिलं भरतोय. खरं म्हणजे मी साऱ्यासाठी सावकाराकडे जात होतो.

शंभराचे आठशे पंचाहत्तर

आपल्याकडे जुना नियम होता, दामदुपट. व्याज साठत साठत मुद्दलाएवढं झालं की बस. शंभर दिले असतील तर एका वेळी जास्तीत जास्त दोनशे मागता येतील. मनुस्मृतीत हा नियम आहे आणि मुंबई इलाख्यातली इंग्रजी कोर्टंसुद्धा हिंदू कर्जदारांच्या बाबतीत तो मानत होती. १८५५ मध्ये सरकारने व्याजदरावर मर्यादा घालणारे कायदे रद्द केले, तरी दामदुपट तिथे टिकून राहिली.

मग शेतकरी बुडाला कसा?

इथे १८५९ चा मुदतीचा कायदा येतो. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर दावा बाद. हेतू चांगला होता, जुनी जुनी कर्जं उकरून काढता येऊ नयेत. परिणाम उलटा झाला. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, "दावा लावू का? नको ना? मग नवा रोखा लिहून दे." नव्या रोख्यात मुद्दल म्हणून काय लिहायचं? जुनं मुद्दल अधिक तीन वर्षांचं व्याज.

मी हिशोब करून बघितला. शंभर रुपये, शेकडा महिना दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के. तीन वर्षांनी १७२. नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. रोखे बदलले नसते तर साध्या व्याजाने बारा वर्षांनी ३८८ झाले असते, आणि दामदुपट लावली असती तर २००.

मग दामदुपट लागली का नाही? कारण प्रत्येक नव्या रोख्यात व्याजाचं मुद्दल झालेलं होतं. कोर्टासमोर शेवटचा रोखा यायचा. त्यावर मुद्दल ५०९ लिहिलंय, खाली अंगठा आहे, विषय संपला. आधी शंभरच दिले होते हे त्या कागदावर कुठेच नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगतो. हे म्हणजे सगळी कमिट हिस्टरी स्क्वॅश करून एकच कमिट पुश करणं. आत काय काय घडलं ते दिसतच नाही, फक्त शेवटचा आकडा दिसतो.

आईच्या आजीचं वाक्य आठवा. मिटलं नाही, कागद बदलला.

त्यात कोर्ट लांब, तालुक्याच्या गावी. शेतकरी जायचाच नाही, निकाल एकतर्फी लागायचा. पैसे परत केले तरी पावती मिळेलच असं नाही. हिशोबाची वही सावकाराकडे आणि वाचता येतं तेही त्यालाच.

करडे आणि सुपे

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडचे भाव चढले. रेल्वेची कामंही चालू होती, पैसा खेळत होता. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव पडले. सावकारांनी नवं कर्ज देणं आखडतं घेतलं. नेमकी त्याच वेळी तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून इंदापूरपासून नवी आकारणी सुरू झाली. बऱ्याच गावांत सारा निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त वाढला.

म्हणजे तारखेचं देणं वाढलं, आणि ते भागवायला जो उधार मिळायचा तो बंद झाला. दोन्ही एकदम.

पुण्यात हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि १८७१ मध्ये पुण्यात बदलून आलेले न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सभेने रयतेच्या हलाखीची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडायला सुरुवात केली.

१८७४ च्या अखेरीला शिरूर तालुक्यातल्या करडे गावात ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं राहतं घर पाडायला घेतलं. गावाने ठरवलं, सावकारांशी व्यवहार बंद. त्यांच्या शेतात राबायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही. बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला.

१२ मे १८७५. सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यात. बाजारचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेल्या लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली. त्यांना हवे होते ते कागद. रोखे, हुकूमनामे, वह्या. ते मिळाले की त्यांची होळी. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत असंच होत गेलं. लुटालूट झाली, आगी लागल्या. पण सरकारी चौकशीतही नोंद झाली ती ही, की जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा मारहाण झाली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राग मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजराती सावकारांवर निघाला, गावातले स्थानिक सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले. आणि खेड्यातला छोटा सावकार स्वतःही कुणाकडून तरी पैसे उचलून धंदा करायचा. सारा वाढवणारं सरकार तर या होळीपासून लांबच राहिलं.

१८७९ च्या कायद्याने काय केलं

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. मधल्या काळात, १८७६ ते ७८, भीषण दुष्काळ पडून गेला होता. १८७९ मध्ये कायदा झाला, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी.

पगार नसताना हा कायदा वाचणं ही विचित्र गोष्ट होती. कारण प्रत्येक कलमाशी माझा कुठला तरी कागद जुळत होता. सोप्या भाषेत सांगतो.

एक. कोर्टाने रोख्याच्या मागे जायचं. शेवटचा आकडा न मानता पहिल्यांदा किती दिले, किती परत आले, व्याज किती धरलं, सगळा इतिहास काढायचा आणि मुद्दल-व्याजाचा हिशोब नव्याने मांडायचा.

दोन. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या देण्यासाठी ती सहजी विकायची नाही.

तीन. पावती. पैसे दिले की लेखी पावती मागायचा हक्क. वर्षाला हिशोबाचा उतारा मागायचा हक्क. मागितलं तर पासबुक.

चार. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहायचा, म्हणजे खरंच पैसे हातात पडले का ते तिसऱ्या माणसाला दिसेल.

पाच. कोर्टात जायच्या आधी सलोखा करणारे मध्यस्थ, आणि देणं फेडायला हप्ते बांधून देणं.

याने सगळं सुटलं का? नाही. सावकारांनी पळवाट काढली. कर्जरोखा लिहायचाच नाही, थेट खरेदीखत लिहून घ्यायचं. कागदावर विक्री, प्रत्यक्षात गहाण. ती पळवाट बुजवायला पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. शिवाय भीतीने कर्ज मिळणंच अवघड झालं. पुण्यातच बसून जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, म्हणजे कायदा होऊन चार वर्षांनीही दुखणं तसंच ठसठसत होतं. रानड्यांनी तर याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून पुढे कामही केलं.

मग प्रश्न उरला, सावकार नको तर पैसे द्यायचे कुणी? त्याचं एक उत्तर १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने आलं. कॉसमॉस बँक पुण्यात १९०६ मध्येच सुरू झाली. आणि ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांच्यासाठी चाळीत, वाड्यात भिशी होतीच. दर महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. व्याज नाही, पण डोळ्याला डोळा भिडवायचा असतो.

पुन्हा डबा

आता आमच्या घरी येऊ. मी शीटचे दोन भाग केले. "तोडणारी" आणि "वाढणारी".

तोडणाऱ्यांत लाईट आणि गॅस. लाईटचं एक सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. २००३ च्या वीज कायद्यात कलम ५६ आहे. थकबाकीसाठी कनेक्शन तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांची सरासरी, जी कमी असेल ती भरली तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. आणि जी बाकी सलग बिलात दाखवत आणलेली नाही, ती दोन वर्षांनंतर मागता येत नाही. म्हणजे इथेही मुदतीचा कायदा आहे, आणि म्हणूनच दर महिन्याला बिलावर "मागील थकबाकी" छापून येते.

२०२० आठवतंय? लॉकडाऊनमध्ये मीटर रीडिंग बंद होतं, सरासरीने बिलं आली, आणि जूनमध्ये तीन-तीन महिन्यांचा एकत्र आकडा बघून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. तेव्हा तीन हप्त्यांची सवलत दिली गेली. थोडक्यात, इस्तावा. सगळं एकदम मागितलं तर वसूल होणार नाही हे पुन्हा कळलं.

वाढणाऱ्यांत बाकीचं. मिळकतकरावर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे माझ्या ९,४५० वर १८९ रुपये. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही साधं व्याज, म्हणजे महिन्याला २३१. आणि कार्ड? महिन्याला साडेतीन टक्के धरा, २,०४० रुपये, आणि ते चक्रवाढ. एकटं कार्ड बाकी दोघांच्या चौपटीहून जास्त. वाण्याच्या ४,३०० वर व्याज शून्य, पण त्याच्यासमोरून रोज जायचं असतं.

कार्डाच्या व्याजाला दामदुपट वगैरे काही नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्यामुळे तिथे आपल्यालाच रोख्याच्या मागे जावं लागतं.

मी गेलो. चौदा महिन्यांची स्टेटमेंट्स डाउनलोड केली आणि ओळ न् ओळ वेगळी केली. ५८,३०० मध्ये मी प्रत्यक्ष खर्च केलेले आणि न फेडलेले निघाले ४१,००० च्या आसपास. उरलेलं व्याज, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी. आकडा समोर आला तेव्हा खरंच पोटात गोळा आला. पण पहिल्यांदाच कळलं की मी नक्की कशाचं देणं लागतो.

फोन केला. पलीकडच्या माणसाने आधी काय सुचवलं असेल? टॉप-अप लोन. जुनं बंद, वर थोडे जास्त पैसे हातात. नवा रोखा. मी म्हटलं, जास्त पैसे नकोत, कार्ड बंद करा आणि आहे त्या रकमेचे हप्ते बांधून द्या. तीन फोन, दोन मेल झाले. लेट फीचा थोडा भाग माफ झाला, उरलेल्याचे बारा हप्ते झाले, निम्म्याहून कमी व्याजाने.

तुम्ही म्हणाल, हासुद्धा कागद बदलणंच झालं. बरोबर, मीही यावर बराच विचार केला. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. या कागदावर शेवटची तारीख लिहिलेली होती, आणि मुद्दल वाढलं नव्हतं. लाखाच्या ॲपवाल्या कर्जात मी ९४ हजारांसाठी एक लाख उचलणार होतो आणि कार्डही उघडंच राहणार होतं. सहा महिन्यांनी दोन्ही असती.

अठ्ठावीस हजारांतून मग असं केलं. लाईट आणि गॅस पूर्ण, ८,७५०. वाण्याला २,३००, बाकीचे पुढच्या महिन्यात, हे त्याला समोर उभं राहून सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना भेटून तीन भाग मागितले, पहिला ४,४०० चा. काका म्हणाले, "अरे, आधी बोलायचंस ना. आम्ही बोर्डावर नाव लावणार होतो." मिळकतकर दुसऱ्या महिन्यात गेला. उरलेले साडेबारा हजार कार्डाच्या मुद्दलात, हप्ते बांधायच्या आधीच.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? पैसे नाही. काकांच्या दाराची बेल दाबणं.

आणि पावत्या. आईने प्रत्येक ऑनलाइन पावतीची प्रिंट काढायला लावली. मी कुरकुर केली, "आई, सगळं मेलवर असतं गं." ती म्हणाली, "तुझ्या मेलवर. मला कोण दाखवणार?" वही एकाच्याच हातात नको, हे १८७९ च्या कायद्यातलं पासबुकचं कलम आमच्या घरात असं लागू झालं. कार्डाचा शेवटचा हप्ता गेल्यावर "नो ड्यूज" पत्र मागून घेतलं. तुम्हीही घ्या. नुसतं "सेटल्ड" असं नोंदलं गेलं तर क्रेडिट रिपोर्टवर तो डाग राहतो, "क्लोज्ड" लिहिलंय ना ते तपासा.

ते पत्र आता डब्यात सगळ्यात तळाशी आहे. झाकण लागतं. कधीकधी एखादं बिल वरच्या बाजूला चार-पाच दिवस राहतं, नाही असं नाही. पण ते तोडणारं आहे की वाढणारं, हे आई आता मला विचारते आणि उत्तर आल्याशिवाय झाकण लावत नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांचे कर्जरोखे, खरेदीखतं, सावकाराच्या पावत्या असतील तर फेकू नका, मोडी असलं तरी ठेवा. एखादा वाचून घेतलात तर आत किती मुद्दल आणि किती व्याज होतं ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पावत्या जपा.